शलाश नावाचं इथं कुणी राहत नाही

राकानने कॉफीचा पेला न पिता जमिनीवर ठेवला, आणि अबू मिजवलच्या खोलीपुढची अख्खी बैठक गप्प झाली.

चूक झाली हे त्याला पेला टेकता टेकताच कळलं. पण टेकलेला पेला उचलता येत नाही. सरहद्दीपलीकडच्या हौरान मुलुखातल्या पोरांना नीट बोलता यायच्या आधी एवढं कळतं, की पाहुण्याने हातात आलेली कॉफी न पिता खाली ठेवली म्हणजे त्याला काहीतरी मागायचं आहे. आणि काय मागायचं आहे ते ऐकायच्या आधीच यजमानाने दिलं म्हणायचं असतं. लोक असा पेला ठेवतात ते खुनाचं वैर मिटवायला, नाहीतर मुलीला मागणी घालायला. राकानने ठेवला तो खोकल्याला भिऊन.

त्याचं असं झालं होतं की, नव्या रोगाची बातमी निर्वासितांच्या छावणीत पोचली तशी राकानला कुठल्याशा संस्थेने जनजागृतीच्या कामावर घेतलं. पिवळं जाकीट दिलं, हातात धरायचा कर्णा दिला, आणि काय करावं व काय करू नये याची चित्रं पाठ करून घेतली. त्यात खोकणाऱ्या माणसाचं एक लाल चित्र होतं. आता अबू मिजवलच्या बैठकीत पेला एकच. म्हातारा ओतणार, पाहुणा तीन घोटांत संपवणार, पुरे म्हणून पेला हलवून परत करणार, आणि तोच पेला पुढच्याला जाणार. त्या सकाळी तो राकानकडे आला स्वेलिम न्हाव्याच्या तोंडून. स्वेलिम गेली कित्येक वर्षं खोकत होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण लाल चित्र कालच पाठ झालेलं.

“पी पोरा,” अबू मिजवल म्हणाला. “ज्यासाठी आलास ते दिलं.”

स्वेलिमने शेजारच्याला कोपर मारलं. म्हाताऱ्याच्या घरात लग्नाची म्हणावी अशी एकच बाई होती, त्याची विधवा बहीण, साठीच्या घरातली, दातांनी जवळजवळ मोकळी. “पोरगा धाडसाचा निघाला,” स्वेलिम म्हणाला, आणि बैठक हसायला लागली.

तिथे राकाननेही हसून चिमूटभर वेलदोडा मागितला असता तर गोष्ट मिटली असती. काही मागायचं नव्हतं असं म्हणणं तर शक्यच नव्हतं, तो कॉफीचा अपमान झाला असता. पण अंगावर जाकीट होतं आणि लोक त्याला हसत होते. पंचविशीतल्या माणसाला एवढं पुरतं.

“काका, मागणं एवढंच,” तो म्हणाला. “रोग जाईपर्यंत ही बैठक बंद करा.”

अबू मिजवलने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तो उठला आणि लांब चोचीच्या पितळी किटलीतली उरलेली कॉफी त्याने निखाऱ्यांवर ओतली. धूर झाला. धुराच्या पलीकडून त्याचा आवाज आला, “आता पी.” दिल्यावर प्यावीच लागते. म्हणजे ज्या पेल्याला भिऊन हा सगळा घोळ घातला, तो शेवटी राकानने तळापर्यंत प्यायला, सगळ्यांच्या देखत.

पुढचे दोन आठवडे तो रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत होता. ताप आला नाही. कौतुक मात्र आलं. संस्थेच्या साहेबांनी सगळ्या स्वयंसेवकांसमोर त्याला उभं केलं. एवढी मोठी बैठक, तीही रोजची, एका शब्दात बंद. हा बघा कसा समाजातल्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घेतो, असं म्हणून त्याचा फोटो काढून फळ्यावर लावला. फोटोत राकान असा दिसतो की कुणी त्याच्या पायावर उभं आहे.

अबू मिजवल तसा कोणी मोठा माणूस नव्हता. दरआच्या पूर्वेला त्याचं गाव होतं, थोडी मेंढरं, थोडा गहू. शेख नाही, मास्तर नाही, सही करायला लागली तर जीभ बाहेर काढून करायचा. पण कॉफी त्याच्यासारखी कुणाची नाही. दाणे इतके हलके भाजायचा की गावातले तरुण त्याला कच्चे म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. उखळात दाणे कुटायचा तेही तालावर. तो ठोका ऐकला की लोक अंथरुणातून उठायचे. लढाईतून पळून सरहद्द ओलांडायच्या रात्री त्याने गोधडीत काय बांधून घेतलं, तर किटल्या आणि उखळ. “घराचे कागद तिथं राहिले आणि हा पितळेचा संसार इथं आला,” हे त्याची बायको वतफा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

छावणीत पत्र्याची खोली मिळाली त्याच आठवड्यात दारापुढे चर खणून त्याने विस्तव पेटवला. नंतर एकही सकाळ तो विझला नाही. गल्लीतले पुरुष तिथे यायचे, बसायचे, पाण्याच्या टँकरला शिव्या द्यायचे, गावातल्या विहिरींची नावं काढायचे आणि उठून जायचे. एका गोष्टीबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही. मिजवलबद्दल. हा म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा, मेंढरांचं औषध आणायला शहराला गेला होता. वाटेतल्या लष्करी नाक्यावर त्याला बसमधून उतरवलं. बस पुढे गेली, संध्याकाळी परत आली. मिजवल आला नाही. कागद नाही, निरोप नाही, मयत नाही. नेलेल्या माणसाबद्दल त्या भागात कुणी विचारत नाही. विचारलं की उत्तर येईल ही भीती.

हे सगळं राकानला माहीत होतं. त्या गल्लीतच त्याला मिसरूड फुटलं. मागणं तोंडातून निघालं तेव्हाही माहीत होतं. पुढे जे त्याला खात राहिलं ते हेच.

छावणीची फाटकं बंद झाली. शहराच्या बाजूने रोज संध्याकाळी संचारबंदीचा भोंगा वाजायचा, आणि तो वाजला की छावणीतली निम्मी माणसं आधी आकाशाकडे बघायची, मग एकमेकांकडे बघून ओशाळं हसायची. बॉम्बची सवय जात नाही. एका संध्याकाळी राकान कामावरून परतत असताना भोंगा झाला. त्याने मान वर केली, खाली आणली, आणि समोर अबू मिजवल दारात बसलेला दिसला. म्हाताऱ्याने वर पाहिलंच नव्हतं. जे काय पडायचं ते पडो, अशा बेताने तो बसला होता.

नंतर तो दारातही दिसेनासा झाला.

राकानच्या कर्ण्यावर तोवर नवा मजकूर आला होता. झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, माणसं नकोशी झाली असतील, तर एकटे राहू नका, या नंबरवर फोन करा. सगळ्या छावणीत तो हे खणखणीत वाचायचा. स्वतःच्या गल्लीत शिरलं की आवाजाची कळ हळूच मागे फिरवायचा. मग ती गल्ली शेवटी घ्यायला लागला. मग एक-दोनदा विसरलोच असं साहेबांना सांगितलं.

वतफाने त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. हातात दोन डबे, तोंडावर ओढणी, डोळे मात्र उघडे.

“या सरकार. रोग गेला का?”

“नाही गेला, काकू.”

“मग आमच्या गल्लीत काय चुकून आलात?”

त्याने डबे उचलले. वाटभर ती बोलत होती आणि तो ऐकत होता. म्हातारा पहाटे उठतो, उखळापाशी जातो, हात लावतो, परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडतो. भाकरी पुढे ठेवली तर विचारतो, आणखी कोण आलंय. कुणी नाही म्हटलं की म्हणतो, मग घाई कसली. दाढी स्वेलिमने दारात उभं राहून फुकट करतो म्हटलं, तर नको म्हणाला. “चाळीस वर्षं ह्याची बडबड बंद व्हावी म्हणून नवस केले मी,” वतफा म्हणाली. “तुझ्यामुळे एकदाचे फळले बघ.”

राकान दाराबाहेर उभा राहिला आणि त्याने आपलं मागणं परत घेतलं. मोठ्याने, नीट शब्दांत. चूक झाली काका, माझं मी मागे घेतो, उद्या विस्तव पेटवा.

आतून भिंतीकडूनच प्रश्न आला, “रोग गेला?”

“नाही.”

“मग?”

 म्हाताऱ्याने शब्द दिला होता, तो काही संस्थेने वाटलेलं घोंगडं नव्हे, नको झालं म्हणून परत करायला.

म्हणून राकानने फोन लावला, तोच, कर्ण्यावरचा नंबर. राजधानीतून, अम्मानमधून, एक बाई बोलली, आवाजावरून तरुण, मायेची. फाटकं बंद असल्यामुळे ती येऊ शकत नव्हती, फोनवर मात्र हवा तेवढा वेळ बोलीन म्हणाली. राकानने फोनचा आवाज मोठा करून तो दारातून आत सरकवला. वतफाने तो म्हाताऱ्याच्या कानाशी धरला.

“शलाश साहेब, नमस्कार. मागच्या काही दिवसांत तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?”

देवाची कृपा, म्हातारा म्हणाला. झोप? देवाची कृपा. जेवण? तीच कृपा. शून्य ते दहा अशी पट्टी मनात आणा आणि सांगा, तुमचं दुःख कुठल्या आकड्यावर आहे, असं तिने विचारलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे थोडा विचार केला आणि सांगितलं की आमच्याकडे मेंढरं मोजतात. ती हसली नाही, बिचारी लिहून घेत असावी. 

“शलाश साहेब? शलाश साहेब, ऐकताय ना?”

म्हाताऱ्याने फोन बाजूला सारला. राकानला म्हणाला, “तिला सांग, शलाश नावाचं इथं कुणी राहत नाही.”

राकानने बाईंना सांगितलं की कार्डावर तेच नाव आहे, तुमचं काही चुकलं नाही. मग तो दाराबाहेर खाली बसला. शलाश या नावाने म्हाताऱ्याला शेवटची हाक कोणी मारली असेल? सरहद्दीवरच्या शिपायाने. त्याआधी नाक्यावरच्याने. बाकी सगळ्या जगाला तो अबू मिजवल, मिजवलचा बाप. सकाळी येणारा प्रत्येक जण आल्यावर एकदा आणि जाताना एकदा तेच म्हणायचा. कॉफी झकास, अबू मिजवल. येतो हं, अबू मिजवल. मुलाबद्दल चकार शब्द न काढता गल्ली रोज पन्नास वेळा मुलाचं नाव घ्यायची. आणि घरात? वतफाने बस रिकामी आल्यापासून ते नाव ओठांवर आणलं नव्हतं. ती नवऱ्याला हाक मारायची, “ऐकलंत का.”

म्हणजे राकानने विझवलं होतं ते कॉफीपेक्षा मोठं होतं. बसमधून उतरवलेल्याला त्याने त्याच्या बापाच्या दारातूनही उतरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कर्णा घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. बेत साधा होता. म्हाताऱ्याच्या नावाने सगळ्या गल्लीचा नमस्कार सांगायचा, आणि इतरांनाही दारादारातून तसंच म्हणायला लावायचं. आवाजाची कळ पुरी पुढे केली. रोजच्या सवयीने सुरुवात केली, “गल्लीतल्या सर्व बंधू-भगिनींना कळवण्यात येतं की, आपले सर्वांचे अबू मिजवल...”

इतके दिवस दाबून ठेवलेलं नेमकं त्या नावापाशी वर आलं. पुढचा शब्द निघेना. कर्ण्यातून नुसता एक हुंदका गेला, आणि नंतर खरखर.

हौरानच्या गावांत मशिदीच्या कर्ण्यावरून एकच बातमी अशी सांगतात.

कुठल्यातरी खोलीतून बाईचा हंबरडा आला. दारं धडाधड उघडली. मास्क नाही, अंतर नाही, पायांत चपला नाहीत, सगळी गल्ली अबू मिजवलच्या दाराकडे धावली. स्वेलिम हातात वस्तरा घेऊन पळत होता आणि त्याच्यामागे गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण लावलेलं त्याचं चोरून आलेलं गिऱ्हाईक. माणसं पत्र्यावर डोकं टेकून रडत होती. अबू मिजवल, अबू मिजवल. राकान मागून ओरडत होता की तसं नाही, पण कर्ण्यातून ते ओरडणं आणखीच भेसूर येत होतं.

दार उघडलं आणि म्हातारा बाहेर आला. दाढी वाढलेली, एका हाताने चौकट धरलेली.

“कोण गेलं?”

शेवटी स्वेलिमने नाक पुसलं आणि सांगितलं, “तुम्ही, अबू मिजवल.”

एकजण हसला. मग आणखी दोघं. म्हाताऱ्याच्याही मिशीचा कोपरा हलला असं राकानला वाटलं. पण तो लोकांकडे बघतच राहिला, एकेकाच्या ओल्या तोंडाकडे, आणि हसणं आपोआप बसलं.

“माझ्यासाठी एवढे आलात,” तो म्हणाला. “मिजवलसाठी कुणी आलं नाही.”

“आम्ही रोज येत होतो,” स्वेलिम म्हणाला.

“कॉफीला येत होता.”

ते खरं होतं. माणसं स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघू लागली. राकानला वाटलं, आता कोणीतरी माफी मागावी. मग लक्षात आलं की ती मागायला सगळ्यांत आधी त्याचाच नंबर आहे.

बोलली ती वतफा. ती म्हाताऱ्याच्या मागे उभी होती, कणकेने भरलेले हात अंगापासून लांब धरून. “मिजवलला औषधाला मी पाठवलं,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली. “एक मेंढी आजारी होती. एकच.”

म्हातारा वळला. “तो दुपारी जातो म्हणत होता,” त्याने तिला सांगितलं. “सकाळची बस धर म्हणून मी त्याला उठवला.”

इतकी वर्षं एका छपराखाली झोपून दोघांनी ही गोष्ट एकमेकांपासून लपवली होती. तो उंबऱ्यावर बसला. तिने कणकेचाच हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग माणसं एकेक करून पुढे आली, भान येऊन हातभर लांब थांबली, आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, देव त्याला सुखरूप ठेवो, अबू मिजवल. तो गेला असं कुणी म्हणालं नाही, आणि येईल असंही नाही. अशा दुःखाच्या घरी आलेल्याला कडू कॉफी द्यायची रीत आहे. म्हाताऱ्याने विस्तवाच्या चराकडे पाहिलं, मग राकानकडे पाहिलं, आणि कॉफी दिली नाही. रोग गेला नव्हता.

साहेबांनी राकानला बोलावून विचारलं की टाळेबंदीतली सगळ्यांत मोठी गर्दी जमवल्याबद्दल आता कुठला फोटो काढायचा. फळ्यावरचा जुना फोटो उतरला. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण दहा-बारा दिवसांनी स्वेलिमला ताप भरला आणि त्याला वेगळ्या तंबूत नेलं, तेव्हा राकानची झोप गेली. तो ताप त्या गर्दीतून आला की चोरून केलेल्या दाढ्यांमधून, ते कुणी सांगू शकलं नाही. स्वेलिम परतला तो वाळून, पहिल्यासारखाच खोकत, आणि म्हणाला की तंबूत जेवण बरं होतं. तो असं म्हणाला म्हणून राकान सुटला असं नाही. झोप लागत नसेल तर, हे कर्ण्यावर वाचताना आता तो स्वतःसाठीच वाचतोय असं त्याला वाटायचं. एकदा त्याने तो नंबर स्वतःच्या नावाने लावला, आणि अम्मानच्या बाईंनी कसे आहात विचारल्यावर देवाची कृपा म्हणून ठेवून दिला.

म्हातारा बरा झाला असं म्हणायची कुणाची छाती नाही. काही दिवस तो अजून भिंतीकडे तोंड करतो. पण बऱ्याच सकाळी तो दाराबाहेर उपड्या डब्यावर बसतो, विस्तवाशिवाय. जाणारा-येणारा लांबूनच थांबतो, नाव घेतो, आणि आता एखादी गोष्ट विचारतो. मिजवलला पोहता येत होतं का. मिजवलची ती लाल सायकल कुणाला दिली. म्हातारा सांगतो. मध्येच वतफा आतून ओरडते की लाल नव्हे, निळी. अम्मानच्या बाई दर आठवड्याला फोन करतात आणि अबू मिजवल म्हणतात. तो त्यांना सविस्तर सांगतो की पिवळ्या जाकिटातला एक मुलगा आहे, त्याच्यावर काही उपचार असले तर बघा.

मागच्या शुक्रवारी वतफाने राकानकडे मसूर घातलेला भात पाठवला, वर तळलेला कांदा, काठाला निळी वेल असलेल्या चिनीमातीच्या ताटात. राकानने तो भूक नसताना शेवटच्या शितापर्यंत संपवला, कारण टाकला असता तर आणखी एक पाप. ताट घासून पुसून ठेवलं. शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. त्याने आईला म्हटलं, काहीतरी कर ना, घालून देतो. आई म्हणाली, “तुझ्या नावाने आलंय, तूच भर.” एकदा त्याने दोडके भरायला घेतले, ते करपले. एकदा खजूर आणले, ते ताटात ठेवले, बघितले, आणि त्या घरात हे घेऊन कुठल्या तोंडाने जायचं असं वाटून भावंडांना वाटून टाकले. सकाळी तो दारावरून जातो तेव्हा वतफा काही विचारत नाही. ताट अजून त्याच्याकडेच आहे.